गायतोंडे, वासुदेव संतू

गायतोंडे, वासुदेव संतू : (२ नोव्हेंबर १९२४ – १० ऑगस्ट २००१). स्वातंत्र्योत्तर काळातील एक श्रेष्ठ भारतीय चित्रकार. भारतातील अमूर्त चित्रकलेला स्वतंत्र अधिष्ठान मिळवून देणाऱ्या कलावंतांत त्यांचे स्थान अग्रगण्य आहे. सुमारे अर्धशतकाच्या कारकीर्दीत त्यांनी तुलनेने मोजकीच चित्रे रंगविली. आरंभीची थोडी वर्षे वगळता ती सर्व एकाच शोधाचे टप्पे आहेत. हा शोध म्हणजे मनुष्याकृती, वस्तू, प्रसंग वा कथन यांचा आधार न घेता केवळ रंग, प्रकाश व पोत यांच्या साहाय्याने चित्र स्वयंपूर्ण कसे होईल, याचा होय. त्यांच्याविषयी ‘मौनी’, ‘विरक्त’, ‘झेन साधक’ अशी विशेषणे इतकी रूढ झाली आहेत, की त्यांच्या चित्रांतील शांतता ही एका कठोर व प्रदीर्घ कारागिरीची निष्पत्ती आहे, ही गोष्ट बरेचदा दृष्टिआड होते. त्यांच्या कलाविकासाचा क्रम पाहताना याच गोष्टीकडे विशेष लक्ष देणे आवश्यक ठरते.

त्यांचा जन्म नागपूर येथे झाला. घराणे मूळचे गोव्याचे. बालपणाचा काही काळ गोव्यात गेला व पुढे मुंबईत गिरगावातील चाळीत त्यांचे वास्तव्य होते. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९४८ मध्ये पदविका संपादन केली. त्या काळी या संस्थेत यूरोपीय वास्तववादी पद्धतीच्या शिक्षणाबरोबरच भारतीय परंपरेचा अभ्यास करणारा एक प्रवाह होता. जगन्नाथ अहिवासी व शंकर पळशीकर ही या प्रवाहातील दोन महत्त्वाची नावे. डोळ्यांना दिसते ते हुबेहूब उतरविणे हेच चित्रकाराचे अंतिम उद्दिष्ट नव्हे, रेषा आणि सपाट रंग यांनाही स्वतःचे आशयमूल्य असते, हा विचार या वातावरणात विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत होता. गायतोंडे यांचे रेखन उत्तम होते व कोणतीही आकृती सहजपणे उभी करण्याचे सामर्थ्य त्यांच्या हाती होते. पुढे आकृतीचा त्याग त्यांनी केला, तो असामर्थ्यामुळे नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

त्यांच्या प्रेरणास्थानांत पहिला मान भारतीय लघुचित्रांना द्यावा लागतो. बसोली शैलीतील तप्त पिवळा व लाल रंग, जैन हस्तलिखितांतील टोकदार रेषा आणि पार्श्वभूमीचे सपाट पट्टे यांचे ठसे त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांवर दिसतात. मात्र या लघुचित्रांतून त्यांनी काय उचलले, हे महत्त्वाचे आहे. आरंभी त्यांना तेथील आकृती मोहवीत. पुढे त्या मनातून वजा करून उरलेल्या रंगक्षेत्रांची परस्परप्रमाणेच ते न्याहाळू लागले. आकृती ही हालचालीला बंधन घालते, असे त्यांना वाटू लागले व तिच्या जागी त्यांनी रंगांचे तुकडे मांडून पाहिले. एखाद्या बसोली चित्रातील नायिका, वृक्ष व मंडप झाकून केवळ पिवळ्या प्रतलाचे लाल किनारीशी असलेले नाते पाहावे, तशी ही दृष्टी होय. परंपरेपासून विषय न घेता रचनेचे तत्त्व घेण्याची ही रीत त्यांनी पुढेही सोडली नाही.

दुसरी प्रेरणा पॉल क्ले (१८७९–१९४०) या स्विस-जर्मन चित्रकाराची. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धातील गायतोंडे यांच्या कामात बारीक, खेळकर रेषा, भौमितिक तुकड्यांत विभागलेल्या आकृती आणि प्रतीकवजा चिन्हे आढळतात. क्लेच्या चित्रांतील रेषेचे स्वातंत्र्य व तिचा मुक्त विहार यांनी त्यांना आकर्षित केले. तथापि क्लेच्या कलेतील कथनाचा व विनोदाचा अंश त्यांच्या प्रकृतीशी जुळणारा नव्हता. त्यामुळे हा प्रभाव अल्पकाळच टिकला. रेषेने आकाराला कुंपण न घालता तिने स्वतंत्रपणे वावरावे, एवढी शिकवण मात्र कायम राहिली. तिचा प्रत्यय दोन दशकांनंतरच्या त्यांच्या चिन्हसदृश आकारांत पुन्हा येतो.

फ्रान्सिस न्यूटन सोझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे व सदानंद बाकरे यांनी १९४७ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’मध्ये गायतोंडे १९५० च्या सुमारास सामील झाले. या गटाने जुन्या अकादमिक वळणाला व पुनरुज्जीवनवादी भावुकतेलाही विरोध केला. पण गटातील बहुतेकांच्या चित्रांचा केंद्रबिंदू मनुष्याकृती किंवा भूदृश्य हाच होता. सोझाच्या आक्रमक आकृती व हुसेन यांची ग्रामीण भारताची प्रतिमासृष्टी यांच्या शेजारी गायतोंडे यांचे काम प्रथमपासूनच निराळे दिसते. गटाकडून त्यांना प्रदर्शनाची संधी, समविचारी मित्र व आधुनिकतेविषयीचा आत्मविश्वास लाभला. शैली मात्र त्यांनी एकट्यानेच घडविली.

त्यांच्या कलेला निर्णायक वळण मिळाले, ते मुंबईतील वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत. समुद्राच्या सन्निध असलेल्या या वास्तूत चित्रकार, नर्तक, नट व संगीतकार यांना अल्प मोबदल्यात कामासाठी जागा मिळत असे. रविशंकर यांचे संगीतकेंद्र, इब्राहिम अल्काझी यांच्या नाट्यतालमी आणि हुसेन यांच्यासारख्या चित्रकारांचे स्टुडिओ तेथे एकाच छताखाली होते. गायतोंडे यांना पाश्चात्त्य व भारतीय अभिजात संगीताची, तसेच जागतिक चित्रपटांची उत्तम जाण होती. संगीत हे कोणत्याही वस्तूचे अनुकरण न करता श्रोत्याच्या मनात एक पूर्ण अवस्था निर्माण करू शकते, ही गोष्ट अमूर्त कलेच्या अनेक प्रवर्तकांना मार्गदर्शक ठरली होती. गायतोंडे यांच्या बाबतीतही ती लागू पडते. समुद्राविषयी मात्र सावधपणे लिहावयास हवे. ते तासन्‌तास समुद्राकडे पाहत असत व त्यांच्या त्या काळातील चित्रांत आडवा विस्तार, पाण्यासारखे थर आणि क्षितिजाचा भास आढळतो, हे खरे. परंतु ती सागरदृश्ये नव्हेत. समुद्रापासून त्यांनी पाहण्याची सवय घेतली. एकाच पृष्ठभागावर प्रकाश क्षणोक्षणी बदलत असता स्थिर बसून तो बदल टिपणे, ही ती सवय होय.

१९५७ मध्ये टोकिओ येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना प्रथम पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत त्यांच्या चित्रांतील आकृतींचे अवशेषही मावळले. दशकाच्या अखेरीस कुंचल्याची जागा प्रामुख्याने रोलर व पॅलेट नाइफ (रंग पसरण्याची बोथट सुरी) यांनी घेतली. हा बदल केवळ साधनांपुरता नव्हता. कुंचल्याच्या फटकाऱ्यात चित्रकाराच्या हाताचा आवेग, त्याचा स्वभाव व त्याची सही उमटते. रोलर या वैयक्तिक खुणा पुसून टाकतो व रंग सम प्रमाणात पसरतो. ज्या चित्रकाराला ‘मी’चा उच्चार चित्रात नको होता, त्याला हे साधन अत्यंत अनुकूल ठरले.

त्यांची रंगलेपन-पद्धती तपशिलाने समजून घेण्यासारखी आहे. कॅनव्हासवर तैलरंगाचा एक थर देऊन तो सुकू द्यावयाचा. त्यावर दुसरा पातळ, पारदर्शक थर चढवावयाचा. काही ठिकाणी सुरीने रंग खरवडून खालचा थर उघडा करावयाचा. पुन्हा रोलर फिरवून कडा मवाळ करावयाच्या, असा हा क्रम चाले. पुढे वर्तमानपत्रांचे किंवा मासिकांचे फाडलेले तुकडे रंगात भिजवून, ते पृष्ठभागावर दाबून व उचलून आकार उमटविण्याची रीतही त्यांनी वापरली. अशा रीतीने उमटलेल्या आकाराच्या कडा कोणत्याही हाताने काढलेल्या दिसत नाहीत. शेवाळ, गंज किंवा जुन्या भिंतीवरील पोपडे यांप्रमाणे त्या आपोआप घडल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात त्यांत योगायोगाचा वाटा मर्यादित असे. कोणता योगायोग ठेवावा व कोणता पुसावा, याचा निर्णय दीर्घ निरीक्षणानंतरच घेतला जाई. चढविणे व काढून टाकणे या दोन क्रियांच्या समतोलातून त्यांच्या चित्रांतील प्रकाश निर्माण होतो. तो बाहेरून पडलेला नसतो. थरांच्या आतून झिरपतो. छापील प्रतिकृतीत ही चित्रे निष्प्रभ दिसतात, याचे कारणही हेच आहे.

या कार्यपद्धतीमुळे त्यांची निर्मिती संथ होती. वर्षाकाठी थोडीच चित्रे पूर्ण होत. प्रत्यक्ष रंगविण्यापेक्षा विचार करण्यात व कोऱ्या कॅनव्हाससमोर थांबण्यात त्यांचा अधिक वेळ जाई. चित्रांना शीर्षके देण्याचे ते टाळीत.

१९६० च्या सुमारास झेन बौद्ध विचाराशी त्यांचा निकटचा परिचय झाला. जे. कृष्णमूर्ती, रमण महर्षी व गिरगावानजीकच्या खेतवाडीत वास्तव्य असलेले निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांविषयीही त्यांना आस्था होती. या सर्वांत एक समान सूत्र आहे : सत्य हे मतप्रणालीत किंवा प्रतिमेत नसून प्रत्यक्ष, अवधानपूर्ण जाणिवेत असते. गायतोंडे यांनी झेनपासून कोणतेही दृश्य रूप घेतले नाही. जपानी शाईचित्रांतील डोंगर, बांबू वा वर्तुळ यांची नक्कल त्यांच्याकडे आढळत नाही. त्यांनी घेतली ती एक शिस्त. मन शांत झाल्याशिवाय कृती करावयाची नाही आणि कृती सुरू झाल्यावर तिच्यात स्वतःला मिरवावयाचे नाही, ही ती शिस्त होय. महाराष्ट्रातील रसिकांना या संदर्भात संतवाङ्‌मयातील सगुण-निर्गुण विचार आठवणे स्वाभाविक आहे. साम्य सूचक असले, तरी ते फार ताणणे योग्य नव्हे. भक्तीत निर्गुणाकडे जाण्याची वाट बहुधा सगुण नामरूपावरून जाते. येथे आराध्य असे काहीच नाही, पृष्ठभाग आणि पाहणारा एवढेच आहेत.

गायतोंडे यांच्यासंबंधी सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रश्न अमेरिकन प्रभावाचा आहे. तिसरे जॉन डी. रॉकफेलर यांच्या निधीची पाठ्यवृत्ती मिळून १९६४-६५ मध्ये ते न्यूयॉर्क येथे राहिले. तेथे अमूर्त अभिव्यक्तिवादी कलावंतांची चित्रे त्यांना मूळ स्वरूपात पाहावयास मिळाली. मार्क रॉथ्को (१९०३–७०) या चित्रकाराशी त्यांची तुलना तेव्हापासून वारंवार होत आली आहे. काही समीक्षक तर त्यांच्या परिपक्व शैलीचे श्रेय या प्रवासालाच देतात. कालक्रम मात्र या मताला पुष्टी देत नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात असलेले त्यांचे ‘पेंटिंग, ४’ हे चित्र १९६२ मधील आहे. म्हणजे ते या प्रवासापूर्वी मुंबईत रंगविलेले आहे. रोलरचा वापर, पारदर्शक थरांची बांधणी, आकृतीचे संपूर्ण विसर्जन व एकवर्णी अवकाश ही शैलीची प्रमुख अंगे तोपर्यंत सिद्ध झाली होती. मासिके व पुस्तके यांतून पाश्चात्त्य कलेचा परिचय त्याआधीही होत असला, तरी थरांची ही कारागिरी छापील पानांवरून शिकता येण्याजोगी नव्हती.

शैलीच्या अंगानेही दोघांत मूलभूत फरक आहे. रॉथ्कोच्या चित्रांत दोन-तीन मोठी, धूसर कडांची आयताकार क्षेत्रे एकमेकांवर तोलून धरलेली असतात व त्यांच्या संघर्षातून शोकात्म भाव निर्माण होतो. त्याचा रंग कापडात मुरलेला, बाष्परूप असतो. गायतोंडे यांचा पृष्ठभाग खरखरीत, कणीदार व भौतिक आहे; त्यावर लहान लहान आकार तरंगतात, विरतात व पुन्हा घट्ट होतात. रॉथ्कोसमोर प्रेक्षक भारावून जातो. गायतोंडे यांच्या चित्रासमोर त्याला थांबून शोधावे लागते. न्यूयॉर्कच्या वास्तव्याने त्यांना स्वतःच्या मार्गाविषयी निःशंकता दिली आणि मोठ्या आकाराचे भान दिले, असे म्हणणे अधिक युक्त होईल. भारतीय आधुनिक कलेतील प्रत्येक नवतेचे उगमस्थान पॅरिस किंवा न्यूयॉर्क येथे शोधण्याची समीक्षेची सवय किती फसवी असू शकते, याचे हे एक बोलके उदाहरण आहे.

‘अमूर्त’ ही संज्ञाही त्यांना मान्य नव्हती. आपली चित्रे ‘वस्तुनिरपेक्ष’ आहेत, असा त्यांचा आग्रह असे. हा भेद केवळ शाब्दिक नाही. अमूर्तीकरणात एखादी वस्तू प्रारंभी गृहीत असते व तिचे तपशील गाळून सारभूत रूप काढले जाते. वस्तुनिरपेक्ष चित्राला असे मूळ नसते. ते रंगापासून सुरू होते व रंगातच संपते. तथापि प्रेक्षकाला त्यांच्या चित्रांत धुके, पाण्याचा तळ, पहाटेचे आकाश किंवा पुरातन शिलालेख दिसतात आणि हा अनुभव चुकीचा म्हणून बाजूस सारणे कठीण आहे. मानवी दृष्टी प्रकाश व खोली यांचा अर्थ आपल्या निसर्गानुभवावरूनच लावते. गायतोंडे यांचे कौशल्य असे, की ते हा भास निर्माण होऊ देतात. पण तो कोणत्याही एका दृश्यावर स्थिरावू देत नाहीत. धुके म्हणावे तर पोत आड येतो; भिंत म्हणावी तर खोली जाणवते. या अनिश्चिततेत दृष्टी टिकून राहते आणि पाहण्याची क्रिया हाच चित्राचा विषय बनतो.

१९७२ मध्ये ते दिल्लीस स्थायिक झाले व निजामुद्दीन भागात जवळजवळ एकांतवासात राहू लागले. तत्पूर्वीच, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्यांच्या कॅनव्हासची मांडणी बदलली होती. आडव्या विस्ताराच्या जागी उभा आकार आला. आडव्या चित्रात क्षितिजाची सूचना टाळणे अवघड असते. उभ्या चित्रात ती सहज नाहीशी होते व प्रेक्षक चित्रासमोर माणसासमोर उभे राहावे तसा उभा राहतो. सत्तरीच्या दशकातील चित्रांत केशरी, गेरू, पिवळा, हिरवा अशा एकेका रंगाच्या असंख्य छटांच्या पटावर चित्रलिपीतील अक्षरांसारखे आकार अवतरले. त्यांना लिपी म्हणावे, तर वाचता येत नाही. अर्थ निर्माण होण्यापूर्वीची अक्षराची अवस्था त्यांत दिसते. संयम, रंगवैभव आणि रचनेची लवचिकता यांचा सर्वोत्कृष्ट मेळ याच काळात साधलेला आहे.

१९८४ मध्ये झालेल्या अपघातामुळे त्यांच्या हालचालींवर मर्यादा आल्या व काही वर्षे मोठे कॅनव्हास रंगविणे अशक्य झाले. या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटने केली. थोड्या काळ्या खुणा आणि पुष्कळसा मोकळा कागद, अशी त्यांची रचना आहे. मोठ्या चित्रांतील थर, चमक व पोत यांचे साहाय्य नसतानाही त्यांची दृष्टी किती अचूक होती, याचा पुरावा या रेखाटनांत मिळतो. त्यानंतर ते पुन्हा तैलचित्रांकडे वळले. शेवटच्या दशकातील चित्रांत आकार संख्येने कमी, मोठे व ठाम झाले आहेत. काहींत पूर्वीची तरलता उणावलेली जाणवते. पण पुनरावृत्तीचा आधार त्यांनी घेतला नाही. १९९८ नंतर त्यांनी चित्रे रंगविली नाहीत.

त्यांच्या कलेवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की तिचा पल्ला अरुंद आहे. दुसरा असा, की फाळणी, नगरजीवन, विषमता अशा समकालीन वास्तवाला तिच्यात स्थान नाही. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. परंतु हा संकोच हेतुपुरस्सर स्वीकारलेला आहे व त्याच्या मोबदल्यात सूक्ष्मतेचे असे एक क्षेत्र खुले झाले आहे, जे व्यापक विषय हाताळणाऱ्या चित्रकारांना क्वचितच साधते. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर तितके सरळ नाही. सामाजिक आशय हाच कलेचा निकष मानला, तर ही चित्रे त्यावर उतरणार नाहीत. मात्र चाळीतील दाटीत व महानगराच्या कोलाहलात वाढलेल्या एका चित्रकाराने अविचल अवधानाचा आग्रह आयुष्यभर धरावा, यालाही त्या काळाचा संदर्भ आहेच. प्रतिमांच्या वाढत्या गर्दीत, न बोलणारी आणि प्रेक्षकाकडून केवळ वेळ मागणारी चित्रे ही एक प्रकारची टीकाच ठरते.

पद्मश्री (१९७१) व मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान. नवी दिल्लीचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय व मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या संग्रहांत त्यांची चित्रे आहेत. नसरीन मोहम्मदी (१९३७–९०) यांच्या मितभाषी रेखाटनांना त्यांच्या सहवासाचा लाभ झाला. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४-१५ मध्ये त्यांचे सिंहावलोकनात्मक प्रदर्शन भरविले आणि ते पुढे व्हेनिस येथेही गेले. मराठीत सतीश नाईक यांनी संपादित केलेल्या ग्रंथामुळे त्यांच्याविषयीच्या आठवणी व माहिती वाचकांस उपलब्ध झाली. २०१३ मध्ये मुंबईतील एका लिलावात त्यांच्या १९७९ मधील चित्रास सुमारे २३ कोटी ७० लाख रुपये किंमत आली व २०२१ मध्ये १९६१ मधील एका चित्राने सुमारे ४० कोटींचा टप्पा गाठला.

या आकड्यांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पण बहुतेक चित्रे खासगी संग्रहांत असल्याने ती मुळात पाहण्याची संधी सामान्य रसिकाला क्वचितच मिळते. ज्या कलेचे सारे सामर्थ्य प्रत्यक्ष पृष्ठभागात आहे, तिची ही परिस्थिती खेदजनक होय. गायतोंडे यांचे खरे महत्त्व किंमतीत नाही आणि त्यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या दंतकथांतही नाही. परंपरेतून तत्त्व घ्यावे, रूप घेऊ नये. परक्या कलेकडून धैर्य घ्यावे, मुद्रा घेऊ नये. आणि तत्त्वज्ञान चित्रात सांगण्याऐवजी ते काम करण्याच्या पद्धतीत उतरवावे, हा धडा त्यांनी आपल्या कृतीने घालून दिला. भारतीय वस्तुनिरपेक्ष चित्रकलेचा पाया त्यामुळे भक्कम झाला.